खंडेनवमीचा पाना

रवळनाथाची शप्पथ, गावच्या घराच्या उंबऱ्याची शप्पथ, आणि तेवढ्याने होत नसेल तर मोतीबिंदू काढलेल्या माझ्या दोन्ही डोळ्यांची शप्पथ — ह्यातला शब्द न् शब्द खरा आहे. डिलाईल रोडवर कुणालाही विचारा, सुभद्राबाई थापा मारते म्हणून सांगतील. सांगू देत. त्या गोष्टी वेगळ्या. ही खरी.

मे महिना होता. आमची प्राची, म्हणजे माझी नात, गाडी चालवत होती. बाजूला आमचे हे. मी नवऱ्याचं नाव घेत नाही, पण तुमचा गोंधळ नको म्हणून एकदाच सांगते — कुशाबा. चाळीस वर्षं मिलमध्ये फिटर, आणि आता दोन्ही किडन्या गेलेल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी माझगावला डायलिसिस. प्राची आजोबांना सोडायची, घेऊन यायची, मग दुपारी परळच्या लॅबमध्ये कामाला जायची. मी मागच्या सीटवर. माझं तिथे काही काम नव्हतं, पण मला मागे टाकून कुठे जायची कुणाची टाप आहे?

रे रोडला लाकडाच्या वखारी लागतात बघा, तिथे एक हातगाडी आडवी आली. प्राचीने ब्रेक दाबला आणि स्टिअरिंग असं थरथरायला लागलं, जसं काही गाडीला ताप भरलाय. गाडी थांबली ती एका गॅरेजच्या दारात.

दुसऱ्या गाडीखालून एक पोरगा सरपटत बाहेर आला. अठ्ठावीसेक वर्षांचा, कपाळावर ग्रीसचा टिळा, डोळे मात्र धुतल्यासारखे.

"ब्रेक दाबला की थरथरतं, सोडला की गप्प. बरोबर?"

"तुम्हाला काय माहीत?" प्राची.

"तुमचे हात बघितले."

प्राचीने हात स्टिअरिंगवरून काढून मांडीवर ठेवले… मग परत स्टिअरिंगवर ठेवले. मी मागे डोळे मिटून घोरायला लागले. अशा वेळी म्हातारीने घोरावं, म्हणजे समोरची माणसं मोकळी बोलतात.

"टायर बदललेत हल्ली?"

"पाच दिवस झाले."

"आणि टायरवाल्याने हवेच्या गनने टर्रर्र करून नट मारले."

त्याने चाक खोलायला घेतलं. एका नटाला पान्यावर उभं राहून हिसका द्यावा लागला, आणि शेजारचा नट बोटांनी फिरला. मग त्याने चाकामागची ती चकचकीत थाळी दाखवली. तिला डिस्क म्हणतात, ब्रेक म्हणजे त्या थाळीला दोन्हीकडून काढलेला चिमटा. एक नट ठार आवळला, एक ढिला ठेवला, की थाळी तिरकी बसते. मग चिमटा लागला की ती थडथडते. बरेच दिवस तसंच चालवलं तर कायमची वाकते.

"मग सगळेच ठार आवळा ना," मी घोरायचं थांबवून म्हटलं.

"आजी, ठार नको. सारखे हवेत."

मी आमच्या ह्यांच्याकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते, पण मिशीत हसले. फिटरला फिटर आवडला होता.

पोराने काय निगुतीने काम केलं, म्हणून सांगू. आधी तारेच्या ब्रशने गंज घासला. चारही नट नुसते बोटांनी बसवले. मग एक आवळला की त्याच्या शेजारचा नाही, समोरचा. मग गाडी जॅकवरून खाली घेतली आणि हातभर लांबीचा एक पाना काढला, मुठीशी आकडे कोरलेला. टॉर्क पाना. आकडा लावायचा, हळूच ओढायचं, आणि ठरल्याइतकं आवळलं गेलं की तो पाना आपणहून कट् करतो.

"वाजलं की थांबायचं," तो म्हणाला. "पुढे जोर लावायचा नाही."

"आणि नाही वाजलं तर?"

"वाट बघायची."

ती हसली. मला तिचं फक्त अर्धं तोंड दिसत होतं, आरशात. तेवढं पुरलं.

"शंभर किलोमीटर झाले की परत या," तो म्हणाला. "नट बसायला वेळ घेतात. एकदा तपासायला लागतात."

"नटांना बोलावताय की…"

"नटांनाच. तुम्ही त्यांच्यासोबत येता, त्याला माझा इलाज नाही."

आमच्या घरापासून माझगाव जाऊन येऊन बारा किलोमीटर. आठवड्याला छत्तीस. शंभर व्हायला तीन आठवडे हवेत. पण त्याच रविवारी प्राची म्हणाली, आजी, चल, कफ परेडला मच्छीमार नगरात जाऊ, सुके बोंबील घेऊ, तुला आवडतात ना. मला बोंबील आवडतात हे पोरीला सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच कळलं. मग वरळीला वारा खायला. मग शिवडीला पक्षी बघायला, तेही मे महिन्यात, पक्षी गावाला गेलेले असताना. दहाव्या दिवशी आम्ही गॅरेजच्या दारात हजर.

"शंभर झाले?" त्याने विचारलं.

"एकशे चार."

"चार उशीर केलात."

त्याचं नाव अभय. आमच्या डिलाईल रोडचाच निघाला, बीडीडी चाळीतला, आमच्यापासून तीन गल्ल्यांवर. घरी तो आणि त्याची आई बकुळाबाई. गॅरेज हितेंद्र म्हणून एका मालकाचं. भिंतीवर मालकाचा गणपती आणि अभयचा बुद्ध, शेजारी शेजारी. कुणाचं कुणाला काही नाही.

पुढचे चार महिने नटांना भलतेच दिवस आले. कधी हवा बघायची, कधी नुसता आवाज येतोय म्हणायचं. डायलिसिस चार तासांचं असतं, ह्यांना आत झोपवलं की आम्ही दोघी गॅरेजमध्ये, एका माणसापुरत्या बाकावर मी आणि प्राची बाजूला उभी. त्याने तिला सगळं शिकवलं. ती पाना धरायची आणि तो हात मागे बांधून उभा राहायचा, शिकवताना तिच्या हाताला हात लागू नये म्हणून. त्याच्यावर मी खूश होते. आणि प्राची मुद्दाम पाना चुकीचा धरायची.

"असा नाही."

"मग कसा? दाखवा ना."

"दाखवला तर तुम्हाला येईल. मग याल कशाला?"

"तू म्हणालात तरी चालेल… म्हणजे, तू म्हटलंस तरी."

"आधी कट् वाजू दे," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

मधल्या वेळात मी त्याला माझ्या गोष्टी सांगायचे. माझी नथ समुद्रात पडली आणि बारा वर्षांनी मच्छीमार नगरात एका सुरमईच्या पोटात सापडली, ती गोष्ट. त्या कोळणीच्या लुगड्याचा रंग, सुरमईचं वजन, सगळं. प्राची त्याला म्हणायची, "आजी बारीकसारीक सांगायला लागली की समजायचं, थाप आहे. खरं असलं की एका वाक्यात संपवते." तो हसायचा आणि मला म्हणायचा, "आजी, सुरमई किती किलोची म्हणालात?"

आता पुढचं हसण्यासारखं नाही.

खंडेनवमी बुधवारी आली होती. आम्ही निघालो आणि रे रोडला पोचेपर्यंत पुढचं डावं चाक बसलं. पंक्चर. ह्यांना त्या दिवशी आधीच धाप लागत होती, पाय सुजलेले. साडेनऊचा नंबर हुकला तर मशीन दुसऱ्याला जाणार. प्राची गाडी कशीबशी गॅरेजपर्यंत घेऊन आली आणि फोन कानाला लावून रस्त्यापलीकडे गेली, गॅरेजमध्ये आवाज नीट यायचा नाही ना. सेंटरवाल्यांना विनवत होती, दहा मिनिटं थांबा म्हणून.

गॅरेजमध्ये पूजा झालेली. मालक पहाटे पूजा करून घरी गेलेला. लाल कपड्यावर सगळे पाने ओळीने मांडलेले, हळदकुंकू, झेंडू. टॉर्क पाना मधोमध, त्याला वेगळा हार. अभय एकटाच. कोपऱ्यात त्याची बॅग भरलेली. दुपारच्या गाडीने तो आईला घेऊन नागपूरला निघणार होता, दीक्षाभूमीला. दसऱ्याला दरवर्षी जातात ते.

त्याने ह्यांना बाकावर बसवलं, पाणी दिलं, गाडीतल्याच पान्याने चाक खोललं, स्टेपनी चढवली. ती स्टेपनी दोन वर्षं डिकीत पडलेली, रिमला गंज. त्याने पोलिसपाटलासारखी एक नजर टाकली तिच्यावर, आणि उठून लाल कपड्याकडे गेला. टॉर्क पान्याकडे हात केला.

मी त्याचं मनगट धरलं.

"आज हत्यार उठवायचं नाही रे. आज त्यांचा दिवस."

"आजी, चाक आहे हे."

"गाडीतला पाना आहे की. त्याने आवळ. आमच्या ह्यांनी चाळीस वर्षांत नवमीला कधी स्क्रूसुद्धा फिरवला नाही."

तो थांबला, पण हात मागे घेतला नाही. तेव्हा मी हसत हसत म्हणाले, "हितेंद्र काय म्हणेल? तुला आमच्या पूजेचं काहीच नाही म्हणेल."

त्याने हात मागे घेतला.

हसत म्हटलेलं जास्त लागतं, हे मला ह्या वयात माहीत नव्हतं असं नाही.

गाडीतला तो आखूड पाना घेऊन त्याने नट आवळले, समोरासमोर, पायाने जोर देऊन. गंज घासायला वेळ नव्हता, आणि ब्रशही पूजेतच होता. प्राची धावत आली. तो तिला म्हणाला, "हळू चालव. शुक्रवारी दुपारी आलो की पहिली ही गाडी." तिने मान हलवली आणि घाईघाईत त्याच्या बोटांना बोटं लावली. पहिल्यांदाच. कट् वाजलं नव्हतं, हे तिला कळलं नाही.

शुक्रवारी सकाळी करी रोडच्या पुलावरून उतरताना पुढून खडखड यायला लागली. गंज चिरडून नट सैल झाले होते, चाक हलत होतं, आणि चाकासोबत हलून ती थाळी ब्रेकचा चिमटा मागे ढकलत होती. प्राचीने ब्रेक दाबला तर पायाखाली काही लागलंच नाही. दुसऱ्यांदा दाबला तेव्हा लागला. पण तोवर गाडी कठड्याला घासत गेली होती. माझ्या कपाळाला टेंगूळ, प्राचीचं मनगट मुरगळलं. ह्यांचा खुबा मोडला.

डायलिसिसच्या माणसाचा खुबा मोडला की डॉक्टर काय ते स्पष्ट बोलत नाहीत. अकरा दिवस ते हॉस्पिटलात होते. आठव्या दिवशी दुपारी मला म्हणाले, मोसंबं दे. मी सोलून दिलं. तीन फोडी खाल्ल्या, चौथीची बी माझ्या तळहातावर काढून ठेवली आणि म्हणाले, "सुभद्रे, तुझा काय दोष? आम्हीच शिकवलं ना तुला, नवमीला हत्यार उठवायचं नाही. पोराला काही बोलू नका. आणि प्राचीला त्याच्याकडे द्या." बाहेर फुगेवाला पिपाणी वाजवत होता. तीन दिवसांनी ते गेले.

अभय अपघातानंतर चौथ्याच दिवशी दारात आला होता. माझा मुलगा निलेश, प्राचीचा बाप, त्याने दार अडवलं.

"काय काम आहे?"

"काका, मी अभय. चाक मी बसवलं होतं."

"म्हणजे सणाच्या दिवशी पाट्या टाकल्यास. तुला काय आमच्या सणाचं."

प्राची बापाच्या मागून पुढे आली, मनगटाला पट्टी.

"टॉर्क पान्याने आवळलेस?"

"नाही."

"का?"

त्याने तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं. मी पेजेची वाटी घेऊन उभी होते, हॉस्पिटलात न्यायची. पेज निवत होती, आणि मी वाटी धरून नुसती उभी.

"माझी चूक झाली," तो म्हणाला. "हात माझे होते."

प्राचीने दार लावलं. हळूच लावलं, आपटलं नाही.

त्यानंतर पोरीचं बोलणं आटलं. लॅबमध्ये चालत जायची, चालत यायची. गाडी दुरुस्त होऊन आली ती चाळीखाली कापडाने झाकून ठेवलेली. एकदा मी बघितलं, ती कापडाखाली हात घालून चाकाला हात लावून बसली होती. मला वाटलं रडेल. नाही रडली. मला बोलायला हवं होतं. आधी दिवाळी आली, सुतकातली, पणती नाही, काही नाही, तेव्हा नाही बोलले. मग तेराव्याला पाहुणे होते म्हणून नाही. मग निलेशला ताप आला म्हणून नाही. कारणं काय, ढिगाने सापडतात.

शेवटी एका दुपारी प्राची भाजी निवडत होती, तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, "त्याचा हात मी धरला होता, टॉर्क पाना मी उचलू दिला नाही."

तिने मेथीची काडी खाली ठेवली.

"आजी, नको. त्याला वाचवायला गोष्ट रचू नकोस."

"रचत नाही गो."

निलेश खाटेवरून म्हणाला, "आई, बाबांच्या मरणात तरी थापा नकोत."

सत्तर वर्षं मी लोकांना सुरमईच्या पोटातल्या नथी विकल्या. आता गळ्यातलं खरं काढून दाखवलं, तर कुणी घेईना.

दुसऱ्या दिवशी मी टॅक्सी केली आणि प्राचीला जवळजवळ ओढत रे रोडला नेलं. करवती चालू होत्या, हवेत भुसा. अभय बारीक झालेला. प्राचीला बघून त्याने हातातलं फडकं घट्ट धरलं.

"सांग तिला," मी म्हटलं. "खंडेनवमीला मी तुला काय म्हणाले, ते सांग."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आजी मला काही म्हणाल्या नाहीत. त्या बाकावर बसल्या होत्या."

मेल्याने इतक्या सभ्यपणे थाप मारली, मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली.

प्राची दोघांकडे आळीपाळीने बघत होती. मग त्याला म्हणाली, "आजोबा कुठे बसले होते?"

"बाकावर."

"आणि आजी?"

"त्या… पण बाकावर."

"तो बाक एका माणसाचा आहे, अभय. चार महिने मी उभी राहिलेय त्या बाकापाशी." मग माझ्याकडे वळली. "काल तू एका वाक्यात संपवलंस. मला तेव्हाच कळायला हवं होतं."

आणि ती निघून गेली, समोरच्या वखारीत, लाकडाच्या ओंडक्यांवर जाऊन बसली. तो तिच्यामागे गेला. मी पत्र्याआड उभी राहिले. आता घोरायचं सोंग करण्यात अर्थ नव्हता, पण ऐकल्याशिवाय मला राहवत नाही.

"का नाही सांगितलंस?" ती.

"त्यांचा माणूस गेला. अजून काय काय काढून घ्यायचं त्यांच्याकडून?"

"आणि माझ्याकडून?"

त्याने ओंडक्याची एक साल सोलून काढली.

"पाना उचलायला हवा होतास."

"हो."

"आजी काय, कुणालाही काहीही बोलते."

"आजी एकट्या नाही बोलत, प्राची. उचलला असता, तर उद्या गॅरेजमध्ये, परवा तुमच्या चाळीत — ह्यांना आमच्या देवाची किंमत नाही. मला तुझ्या घरी यायचं होतं. मी देवाला नाही भ्यालो, तुझ्या घराला भ्यालो." त्याने फडकं खिशात कोंबलं. "आणि चाक तसंच जाऊ दिलं. ते माझं आहे, ते कुणाच्या नावावर नको टाकू."

करवत बंद झाली. वखारीत जेवणाची सुट्टी झाली असावी.

"मला राग आहे," प्राची म्हणाली. "तिचा. तुझा. दोनदा ब्रेक दाबायला लागला त्या माझ्या पायाचा. जाणार नाही तो लवकर."

"नको जाऊ दे."

"आणि हे सगळं मला रोज कुणाला तरी सांगायचं असतं… आणि तू सोडून दुसरं कुणी सुचत नाही. हा काय त्रास आहे रे?"

त्याने हात मागे बांधले होते, शिकवताना बांधायचा तसे. तिने ते सोडवले. मग ती रडली. आजोबा गेल्यावर पहिल्यांदा, त्याच्या ग्रीसच्या शर्टात तोंड घालून, असं रडली की वखारीतला डबा खाणारा माणूस पाठ करून बसला.

माझ्याशी ती दीड महिना बोलली नाही. चहा करून ठेवायची, बशी वाजवायची, निघून जायची. मी प्यायचे. तिचं बरोबर होतं. निलेशला मी पुन्हा सांगितलं, ह्या वेळी प्राची बाजूला उभी होती, म्हणून त्याने ऐकलं. आठ दिवसांनी तो बीडीडीत गेला, बकुळाबाईंच्या दारात उभा राहिला आणि आत या म्हणेपर्यंत चपला काढून तसाच थांबला. त्यांनी बराच वेळ थांबवलं, मग आत घेतलं.

फेब्रुवारीत प्राची आणि अभयने कोर्टात लग्न केलं. वाजंत्री नाही, जेवण नाही, वर्ष सरायचं होतं. सह्या झाल्यावर अभय माझ्या पाया पडायला वाकला, तर मी त्याचं मनगट धरलं… आणि दोघंही तिथेच थिजलो. प्राचीने बघितलं. मग तिने तिचा हात माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "सोड आजी. निघायचंय." दीड महिना सरल्यावरही ती माझ्याशी नुसतं हो-नाही एवढंच बोलायची. हे तिचं पहिलं मोठं वाक्य.

तर हे असं झालं. शब्द न् शब्द खरा.

एक सोडून. ते मोसंबं. ह्यांनी मोसंबं मागितलं नाही, बी दिली नाही, दोष नाही म्हणाले नाहीत. बाकावरून त्यांनी सगळं बघितलं होतं. अकरा दिवस ते माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत.